जहाजी घड्याळाची किल्ली

वाचकहो, ज्या घरातील कोणी आयुष्याची काही वर्षे जहाजावर काढलेली असतात, त्या घरात समुद्राची एखादी तरी खूण असते. कोठे पितळी होकायंत्र, कोठे जहाजाचे चौकटीतील छायाचित्र, तर कोठे भिंतीवर जाड काचेचे, पितळी कड्याचे गोल घड्याळ. आपल्या घरी असे घड्याळ असेल आणि त्याला किल्ली देणारे हात आता ऐंशीच्या घरात असतील, तर हा लेख आपल्यासाठी आहे. आरोग्याच्या पाक्षिकात घड्याळाच्या किल्लीचे काय प्रयोजन, असे आपल्याला वाटेल. परंतु माझ्या दवाखान्यातील अनुभव असा, की वृद्धांच्या प्रकृतीचे पुष्कळसे प्रश्न अशाच लहान वस्तूंच्या आडोशाला दडलेले असतात.

प्रथम या घड्याळाची ओळख करून घेऊ. हेलकावणाऱ्या जहाजावर लंबकाची लय टिकत नाही. म्हणून जहाजी घड्याळ गुंडाळलेल्या पोलादी स्प्रिंगच्या बळावर चालते. सुतारकाम जाणणाऱ्या जॉन हॅरिसन या इंग्रज कारागिराने अठराव्या शतकात दीर्घ सफरीतही अचूक वेळ राखणारे घड्याळ घडविले आणि १७६१ साली निघालेल्या जमैकाच्या प्रवासात त्याची कसोटी लागली. पुढे जहाजांवर अशा क्रोनोमीटरला ठरल्या वेळी किल्ली देणे हे नेमून दिलेल्या अधिकाऱ्याचे कर्तव्यच झाले. घरोघरी दिसणारी जहाजी घड्याळे त्या मानाने साधी असतात. त्यांतील पुष्कळशी आठ दिवस चालतात आणि त्यांना आठवड्यातून एकदा किल्ली द्यावी लागते.

यांपैकी काही घड्याळे जहाजाच्या पाळीप्रमाणे टोल देतात. जहाजावरील पाळी चार तासांची. पहिल्या अर्ध्या तासाला एक टोल, तासाला दोन, असे वाढत चौथ्या तासाच्या अखेरीस आठ. म्हणजे आठ टोल केवळ आठ वाजता पडत नाहीत. बारा आणि चार वाजताही पडतात. काळजी घेणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे. नव्याने आलेल्या मदतनीस बाईंनी दुपारी चारचे आठ टोल ऐकून रात्री आठची गोळी हातावर ठेवली, असे घडणे अवघड नाही. औषधाची वेळ टोलांवर सोपवू नये. वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी आणि ठळक आकड्यांचे साधे घड्याळ यांना पर्याय नाही.

असे एक टोलांचे घड्याळ माझ्या थोरल्या काकांकडे आहे. त्यांची उमेद व्यापारी जहाजांच्या इंजिनखोलीत गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुंबईच्या दारूखान्यातून, जेथे मोडीत निघालेल्या जहाजांचे सामान विकले जाते, ते घड्याळ आणले. दर रविवारी स्नानानंतर ते स्टुलावर चढत आणि दारावरच्या घड्याळाला किल्ली देत. गेल्या वर्षी घराला रंग दिला, त्या गडबडीत किल्ली दिसेनाशी झाली. घड्याळ थांबले.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांत काकांचे वागणे हळूहळू बदलले. ते दुपारी झोपू लागले, रात्री उठून वेळ विचारू लागले; वार कोणता, याचाही त्यांना विसर पडू लागला. येथे एक गोष्ट वैद्य म्हणून स्पष्ट सांगतो. वृद्ध माणसाला एक-दोन दिवसांत अचानक भ्रम झाला, तर घड्याळ, घरबदल किंवा वय यांना दोष देत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. लघवीतील किंवा छातीतील जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, शरीरातील पाणी कमी होणे, लघवी तुंबणे, बद्धकोष्ठता, नव्याने सुरू केलेले झोपेचे वा सर्दीचे औषध, यांपैकी काहीही त्याच्या मुळाशी असू शकते. काकांचा बदल सावकाश झालेला होता. तरीही मी या साऱ्या तपासण्या करून घेतल्या. त्यांत काही निघाले नाही. स्मरणशक्ती थोडी उतरलेली होती, ती आधीपासूनच.

तपासण्यांचे कागद मी चाळत असता काकांनी विचारले, “माझ्या घड्याळाला किल्ली मिळेल का रे?”

त्यांच्या सूनबाई मला दाराशी सोडायला आल्या, तेव्हा हलक्या आवाजात म्हणाल्या, “भाऊजी, किल्ली नाही तेच बरे. ते स्टुलावर चढतात तेव्हा माझा जीव टांगणीला लागतो.”

किल्ली हरवली होती की कोणी जपून दूर ठेवली होती, हे मी विचारले नाही. त्यांचे भय खोटे नव्हते. स्टुलावर उभे राहून, मान मागे टाकून, दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन जोर लावणे, ही ऐंशीपुढच्या माणसाला तोल जाण्यासाठी पुरेशी सामग्री आहे. त्यातून रक्तदाबाची गोळी चालू असली तर अधिकच. खुब्याचे हाड मोडल्यावर अंथरुणाला खिळलेले रुग्ण मी पाहिले आहेत. पण काकांचे म्हणणेही खोटे नव्हते. त्यांच्या आठवड्यात स्वतःच्या हाताने पार पाडायचे एकच काम उरले होते, आणि तेही गेले होते.

मार्ग दोघांच्या मधोमध निघाला. आम्ही घड्याळ दारावरून उतरवून काकांच्या खुर्चीशेजारच्या भिंतीवर, जमिनीपासून साडेचार फुटांवर भक्कम खिळ्याला लावले. स्टूल माळ्यावर गेले. उरला प्रश्न नव्या किल्लीचा.

आपल्यावर हा प्रसंग आला, तर पुढील गोष्टी उपयोगी पडतील. किल्लीच्या टोकाला चौकोनी पोकळी असते आणि ती घड्याळातील चौकोनी पोलादी दांडीवर बसते. किल्ल्यांची मापे साधारणपणे पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातात. त्यांवर क्रमांक असतात, परंतु अमेरिकी आणि युरोपीय क्रमांक परस्परांशी जुळत नाहीत. म्हणून क्रमांकावर न जाता मिलिमीटरवर जावे. घड्याळजींकडे व्हर्नियर कॅलिपर असतो. त्याने दांडीच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधील अंतर मोजून घ्यावे. पाच फाट्यांची, वेगवेगळ्या मापांची ‘तारा किल्ली’ही त्यांच्याजवळ असते, ती लावून पाहिली की माप कळते. किल्ली सहज आत जावी, पण डगडगू नये. सैल किल्ली दांडीचे कोपरे झिजवते, आणि ऐन ताणात निसटली तर बोटांना इजा करते. किल्ली मिळेपर्यंत पकडीने दांडी फिरविण्याचा मोह आवर्जून टाळावा. आमच्या घड्याळाला साडेचार मिलिमीटरची पितळी किल्ली बसली.

टोलांच्या घड्याळाला बहुधा दोन छिद्रे असतात, एक चालीचे आणि एक टोलांचे. दोन्हींना किल्ली द्यावी लागते. फिरविण्याची दिशा घड्याळागणिक वेगळी असू शकते; ती घड्याळजींकडून विचारून कागदावर लिहून ठेवावी. जास्त किल्ली दिल्याने घड्याळ बंद पडते, ही समजूत पक्की रुजलेली आहे. वस्तुतः जुनी घड्याळे बहुतेक वेळा आत सुकलेल्या तेलामुळे आणि साचलेल्या मळामुळे थांबतात. हाताला ठाम अडथळा लागेपर्यंत सावकाश फिरवावे आणि तेथे थांबावे. घरातले खोबरेल तेल आत सोडू नये.

आता हातांविषयी. उतारवयात अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याची झीज पुष्कळांना त्रास देते. चिमटीत धरून पिळण्याची क्रिया नेमकी तेथेच दुखते. बारीक पंखांची किल्ली अशा हातांना शिक्षा ठरते. लांब, रुंद पंखांची किल्ली घ्यावी, किंवा लहान किल्लीच्या पंखांवर जाड कापडी पट्टी गुंडाळावी. पंख जितके रुंद, तितका बोटांवरचा जोर कमी. किल्ली द्यायच्या आधी हात कोमट पाण्यात पाच मिनिटे बुडवले तर सांधे मोकळे होतात. हाताला मुंग्या येत असतील, पकड अचानक सुटत असेल, किंवा एकाच बाजूचा हात दुबळा झालेला वाटत असेल, तर तो घड्याळाचा दोष समजू नये. आणि दुबळेपणा अकस्मात आला असेल, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

आणखी एक सावधगिरी. १९६० च्या दशकापर्यंतच्या कित्येक जहाजी आणि लष्करी घड्याळांच्या आकड्यांना व काट्यांना अंधारात चमकण्यासाठी रेडियमचा रंग दिलेला असे. चमक विझली तरी रेडियम विझत नाही. त्याचे किरणोत्सारी सामर्थ्य निम्मे होण्यास सुमारे १६०० वर्षे लागतात. भिंतीवरील बंद काचेच्या घड्याळामुळे धास्तावण्याचे कारण नाही. मात्र काच उघडून तो पिवळसर रंग खरवडू नये, झटकू नये, नातवंडांच्या हाती सुटी तबकडी देऊ नये. किल्लीचे छिद्र तबकडीवरच असेल, तर किल्ली देऊन झाल्यावर हात धुवावेत आणि काच लगेच लावावी.

नव्या किल्लीने काकांची स्मृती परत आली, असे मी म्हणणार नाही. तसे होत नसते. रात्रीचे उठणे अद्याप अधूनमधून चालू आहे. परंतु रविवार कधी, हे त्यांना शनिवारी सांजेपासून ठाऊक असते. खुर्चीत ताठ बसून ते किल्ली फिरवतात, सूनबाई शेजारी उभ्या राहून वेढे मोजतात. किल्ल्या आम्ही दोन घेतल्या. एक लाल गोफात ओवून घड्याळाखालच्या खुंटीला टांगली आहे. दुसरी सूनबाईंच्या कपाटात असते.

वाचकहो, आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या हातून एखादे काम काढून घेण्याची वेळ येते, तेव्हा त्यामागे बहुधा मायाच असते. तरीही एवढे करून पाहावे: धोका कामात आहे, की कामाच्या जागेत, उंचीत, अवजारात आहे, हे आधी तपासावे. जागा बदलता येते, उंची कमी करता येते, योग्य मापाची किल्ली मिळते. आणि खरोखरच ते काम सोडावे लागले, तर त्यांच्याशी बोलून सोडावे. किल्ली गुपचूप नाहीशी होऊ नये.