ओंजळीचा आवाज

रात्रपाळी संपली, तरी तळहातात तो पोकळ आवाज अजून आहे. हाताची ओंजळ करून काकांची पाठ थोपटत होते. कफ काही सुटेना. एरवी आपण बिनधास्त सांगतो, भरपूर पाणी प्या. डायलिसिसवाल्याला कुठल्या तोंडाने सांगणार? त्यांचा घोटन् घोट मोजलेला. मग नेब्युलायझर, कुशीवर वळवणं, पोटाशी उशी धरून खोकायला लावणं. शेवटी सक्शन. एका वेळी 10-15 सेकंदच, पण तेवढ्यात माझाच श्वास अडकतो.

डाव्या हाताला डायलिसिससाठीचा फिस्टुला, म्हणून बीपी उजव्या हातावर. फिस्टुलावर बोटं ठेवली. थरथर नीट लागली. चला, सकाळच्या 4 तासांच्या डायलिसिसची सोय झाली.

“सिस्टर, बर्फाचा एक खडा द्या ना.”

दिला. चार्टवर तोही लिहिला.