पाकीट

परवा कपाट आवरताना माझा शाळेतला तिकिटांचा अल्बम सापडला. पहिल्याच पानावर कॅनडाचं पाच सेंटचं निळं तिकीट, त्याच्या कोपऱ्यावर शिक्क्याचा जेमतेम चतकोर. ते बघून अजूनही पोटात कसंतरी होतं...

फर्स्ट डे कव्हर म्हणजे काय ते आधी सांगते. नवं तिकीट निघतं त्या दिवशी ते पाकिटावर लावून त्याच तारखेचा शिक्का मारतात. संग्राहकांना हवं असतं ते अख्खं पाकीट. कॅनडाची १९२० च्या आधीची अशी पाकिटं फार दुर्मिळ, कारण ती जपायची पद्धतच तेव्हा रुळली नव्हती.

आमचं काही इतकं जुनं नव्हतं. बाबा ट्रॉम्बेला, कॅनडाच्या मदतीने उभारलेल्या 'सायरस' अणुभट्टीवर होते. तिथे ओळख झालेल्या एका कॅनेडियन इंजिनियरने ते पाठवलं होतं. ओटावा, २७ जुलै १९६६. तिकिटावर डग्लस पॉइंटचं अणुवीजकेंद्र आणि खाली शाईने बाबांचं नाव, पालघरचा पत्ता, 'डिस्ट्रिक्ट ठाणा'!

पुढे बाबा तारापूरला आले, आम्ही बोईसरला. १९७३ साली मी तिसरीत होते. मैत्रिणीने शिकवलं होतं, पाकीट कोमट पाण्यात ठेवलं की तिकीट अलगद सुटतं. तेच केलं. शाई पाण्यात उतरली, पाकिटाचा लगदा मी फेकून दिला. बाबा ड्यूटीवरून आल्यावर मोठ्या कौतुकाने तिकीट दाखवलं. ते बघत राहिले. मग म्हणाले, "छान सुकवलंयस."

१९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने अणुसहकार्य थांबवलं. त्या मित्राची पत्रंही हळूहळू बंद झाली. तारापूरचे पहिले दोन संच अमेरिकन. २००५-०६ मध्ये सुरू झालेले तिसरा आणि चौथा मात्र जड पाण्याचे, डग्लस पॉइंटच्या वंशातले. तेव्हा बाबा म्हणाले होते, "तुझ्या तिकिटावरचं घराणं आलं बघ आपल्याकडे."

गेल्या वर्षी भाच्याने तेच कव्हर नेटवरून मागवून दिलं. महागही नाही पडलं. कोरं करकरीत, पत्ता नसलेलं. संग्राहकांना म्हणे असंच आवडतं. मी ते हातात घेऊन कितीतरी वेळ नाव असायची ती जागा बघत बसले.

बाबांनी तेव्हा एक धपाटा घातला असता तर बरं झालं असतं. तिथल्या तिथे मिटलं असतं.

असो.