चौथा भाग रिकामा

तीन वर्षांपूर्वी ऑप्शन ट्रेडिंगमध्ये एका दिवसात माझे ३ लाख गेले. खरं तर सकाळी गेले ते ४० हजारच. बाकीचे ते भरून काढण्याच्या हट्टापायी. बायकोला महिनाभर सांगितलं नाही.

सुट्टीत नंदिगड्ड्याला गेलो तेव्हा बाबांना सांगितलं. ते सुपारी सोलत होते. रागावले नाहीत. "पहिल्या ४० हजारांनंतर उठला का नाहीस?" एवढंच विचारलं.

रोज आसनं करणारा मी, पण मिताहार ताटापुरताच ठेवला होता! हठयोगप्रदीपिकेत पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून जेवायला सांगितलंय. आता भांडवलाचा चौथा भाग मी ट्रेडिंगच्या खात्यात आणतच नाही. स्टॉपलॉस सौदा घेतानाच लावतो. दिवसात एक तोटा झाला की लॅपटॉप बंद. नफ्यानंतर उठणं मात्र अजून जड जातं.

सेबीच्या २०२४च्या अभ्यासानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या १०० वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ तोट्यात होते. योगामुळे मी उरलेल्या सातांत गेलो, असं मुळीच नाही. गेल्या वर्षीही थोडा तोटाच आहे. पण तो आकडा बायकोला त्याच संध्याकाळी कळतो.