सोनपेठ ते शिवोली : प्रवासाची दैनंदिनी

९ जून, गंगाखेड स्टेशन, रात्र

सोनपेठ–गंगाखेड ५०. चहा २०. केळी ३०. रेल्वेचे तिकीट आधीच काढलेले, ते धरत नाही. गाडी पावणेदोन तास उशिरा.

पेरणीच्या तोंडावर गाव सोडले म्हणून घरात सगळ्यांची तोंडे वाकडी. शेजारचे अण्णा म्हणाले, "किरिस्तावांचा देव बघायला एवढ्या लांब?" म्हटले, देव नाही अण्णा, तुमच्या-आमच्यासारखा माणूस, सांत आंतोन, फडावरचा कीर्तनकार. ११९५ला लिस्बनमध्ये जन्मला, १२३१ला इटलीत पाडुआजवळ गेला. आणि त्याचे चरित्र आपल्याकडे मराठी-कोकणीत १६५५ सालीच छापून झालेय. अण्णांनी तंबाखू मळत "मग जा" म्हटले. पाठ आत्ताच धरली आहे.

१० जून, कोल्हापूर

पोहे ३०, चहा १०, लॉज ६००. झोप नाही. पाठ.

११ जून, म्हापसा

बस दीड तास उशिरा सुटली, कारण कोणी सांगेना. आंबोलीत धो धो पाऊस. जिथे पेरायला जागा नाही तिथे हा पडतो! चिडलो. पाठ दुखतेच आहे.

जेवायला खाणावळीत शिरलो तर चहूकडे मासे. गळ्यात माळ. पोऱ्याने दया येऊन भाजी-पाव आणून दिला. पिवळ्या वाटाण्याची पातळ भाजी, वर खोबरे. पावाने पुसून खाल्ली, पुन्हा मागवली. आंतोनची एक दंतकथा आठवली: रिमिनीची माणसे ऐकेनात तेव्हा तो पाण्याकाठी जाऊन माशांना उपदेश करू लागला आणि मासे डोकी वर काढून ऐकत राहिले. त्यांचे वंशज माझ्या शेजाऱ्याच्या ताटात रवा लावून निवांत पडले होते.

१२ जून

जुने गोवे. टेकडीवर त्याचे छोटे चॅपेल. पोर्तुगिजांनी या संताला लष्करात कप्तानाचा हुद्दा दिला होता. दरवर्षी मूर्ती मिरवणुकीने पगार घ्यायला जायची म्हणे. भिक्षेवर जगण्याची शपथ घेतलेल्या फ्रान्सिस्कनाला पगार! सरकारदरबारी काहीही होते. पावसात भिजलो, लवकर झोपतो.

१३ जून, शिवोली

आज त्याचा सण. चर्च मूळ १५६८चे, सध्याची इमारत १९०७ला पुरी झाली. दोन मनोरे, पांढरेशुभ्र. आत मूर्तीच्या हातात दोरी आणि दोरीत चक्क साप. बांधकामाच्या वेळी साप निघायचा, मजूर पळायचे. संताची मूर्ती आणून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी साप फासात सापडला, अशी कथा.

बाकावर एक आजी बसल्या होत्या. फुलाफुलांचा झगा, हातात रुमालात बांधलेल्या मेणबत्त्या. मी कुठून आलो ते ऐकून सरकून जागा दिली. कानातले दाखवले: गेल्या वर्षी हरवले, सांत आंतोनला बोलले, तांदळाच्या डब्यात मिळाले. मेणबत्त्या त्याच्याच. सुनेची किल्ली, नातवाचा पासपोर्ट, सगळे त्यानेच शोधून दिले. मी विचारले, "आजी, तो प्रवचन काय करायचा?" त्या हसल्या. "तें पाद्रीक विचार."

आता बसून लिहितोय तर वाटते, गंमतच आहे. हा माणूस मोन्तेपाओलोच्या मठात भांडी घासत होता. १२२२ला फोर्लीत एका समारंभात बोलायला कुणीच तयार नव्हते, तेव्हा वरिष्ठांनी यालाच उभे केले, सुचेल ते बोल म्हणाले. त्या दिवसापासून लोक मैदाने भरून ऐकू लागले. मेल्यावर वर्षाच्या आत संतपद. १२६३ला थडगे उघडले तर जीभ शाबूत निघाली म्हणतात. ती पाडुआत अजून ठेवली आहे. जीभ जपली, बोलणे मात्र पंडितांकडे गेले. लोकांकडे उरल्या किल्ल्या आणि कुड्या. आमच्या गंगाखेडच्या जनाबाईचे उलटे झाले: जात्यावर बसणारीला तिचे शब्दच पाठ. मला वाटते नशीबवान जनाबाई. आजींना हे पटले नसते.

फेस्ताच्या गर्दीत काजूचे लाडू घेतले, घरासाठी.

१५ जून, कोल्हापूर

सालदाञ्य पाद्रींनी लिहिलेल्या आंतोनच्या त्या १६५५च्या चरित्राची अ. का. प्रियोळकरांनी संपादित केलेली प्रत मिळते का म्हणून जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घातली. एकाने ख्रिस्तपुराण पुढे केले. म्हटले, ते स्टीफन्सचे, हे वेगळे. माझा नंबर वहीत लिहून घेतला आहे. रात्रीची गाडी वेळेवर दाखवतात, बघू.