नळी घालण्यापूर्वी

महसूल खात्यातील दीर्घ नोकरीनंतर निवृत्तीचे दिवस स्वस्थपणे चालले असता उजव्या जांघेत हर्निया असल्याचे निदान झाले, आणि जाळी बसवण्याची जी शस्त्रक्रिया हल्ली सर्रास होते ती तालुक्याच्या गावातील एका खासगी रुग्णालयात माझ्यावर करण्यात आली, तेव्हा एकदोन दिवसांत घरी जाऊ यापलीकडे कोणाच्याही मनात काही नव्हते. शस्त्रक्रिया निर्वेध पार पडली, हे मी कृतज्ञतापूर्वक नमूद करतो. अनर्थ ओढवला तो निराळ्याच ठिकाणी.

कमरेत इंजेक्शन देऊन जी भूल देतात, तिने पायांबरोबरच मूत्राशयाला आकुंचनाची आज्ञा पोचवणारे, त्रिकास्थीतून निघणारे मज्जातंतूही काही तास बधिर होतात. शिरेतून सलाइन चालूच असते, आणि उतारवयात पुरुषाची प्रोस्टेट ग्रंथी बहुधा थोडीफार वाढलेली असते. एरवी 400 ते 500 मिलिलिटर मूत्र साठले की जे मूत्राशय स्वस्थ बसू देत नाही, ते अशा वेळी मुकाट्याने ताणले जाते. ‘काका, लघवी झाली का?’ एवढा एक प्रश्न संध्याकाळपासून कोणी विचारला नव्हता, आणि आमच्या पिढीच्या पुरुषाच्या तोंडून परक्या मुलीसमोर ही तक्रार सहजी निघत नाही. मध्यरात्री ओटीपोट बेंबीपर्यंत फुगून दगडासारखे झाले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी रात्रपाळीच्या ब्रदरला उठवले.

पोरगा स्वभावाने चांगला होता, पण हात नवखा होता. नळी काही अंतर गेली आणि अडली. पिशवीत थेंबही उतरला नाही. तरीही त्याने पिचकारीचा दट्ट्या दाबून फुग्यात पाणी भरले. त्या क्षणाची वेदना वर्णन करण्याची माझी इच्छा नाही. नळीच्या कडेने रक्त आले आणि पांढऱ्या चादरीवर पसरू लागले, हे मात्र मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

फोली नावाच्या अमेरिकन शल्यविशारदाने 1930 नंतरच्या दशकात प्रचारात आणलेल्या या नळीच्या टोकाशी एक लहान फुगा असतो, तो मूत्राशयात फुगवला म्हणजे नळी निसटत नाही. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे 20 सेंटिमीटर लांब आणि वळणाचा. त्यामुळे नळी पार मुळापर्यंत आत जावी, पिशवीत मूत्र दिसावे आणि मगच फुगा भरावा, असा दंडक आहे. मूत्रमार्गातच फुगा फुगला तर आतले नाजूक अस्तर फाटते, आणि फाटलेल्या जागी जो व्रण धरतो तो मार्ग आवळत जातो. याला डॉक्टर मंडळी स्ट्रिक्चर म्हणतात.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या युरॉलॉजिस्टांनी ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी बसवून मला त्या वेळेपुरते सोडवले. पुढे मार्ग मोकळा झालासे वाटले, पण काही महिन्यांत धार सुतासारखी बारीक झाली. मूत्रप्रवाहाच्या तपासणीत सेकंदाला 15 मिलिलिटर किंवा अधिक वेग अपेक्षित असतो. माझा 5 च्या आसपास होता, आणि कागदावरची रेषा शिखर न गाठता आडवीच धावत होती. दुर्बिणीतून व्रण छेदून पाहिला, तो पुन्हा आवळला. आवळलेली वाट क्रमाक्रमाने रुंदावण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत निरुद्धप्रकश या विकारावर तूप माखलेली नळी घालून दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी योजण्यास सांगितले आहे. माझ्या बाबतीत मात्र निराळा उपाय करणे प्राप्त होते.

गालाच्या आतल्या अस्तराची पट्टी काढून तिने मूत्रमार्ग रुंद करतात, हे प्रथम ऐकले तेव्हा माझा विश्वास बसेना. डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावले की, ते अस्तर सदैव ओलाव्यात राहणारे, चिवट आणि केशरहित असल्याने नव्या जागी चांगले रुजते. शस्त्रक्रियेनंतर गाल सुजला, भाताच्या पेजेवर दिवस काढावे लागले, घास डावीकडून उजवीकडे नेणेही अवघड होते; पण नळी निघाली त्या दिवशी स्नानगृहातून बाहेर आलो तो चेहरा पाहून सौभाग्यवतींनी काही विचारलेच नाही.

ज्याच्या हातून इजा झाली त्या मुलाविषयी माझ्या मनात राग नाही. रात्रपाळीत त्याला एकट्याला सोडणाऱ्या व्यवस्थेविषयी आहे. म्हणून मी त्या रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडे रीतसर अर्ज केला, सोबत तपासण्यांच्या नकला जोडल्या, आणि दोनच गोष्टी मागितल्या: भूल दिलेल्या प्रत्येक रुग्णाची पहिली लघवी कधी झाली याची नोंद केसपेपरवर वेळेसह व्हावी, आणि नळी अडल्यास जोर न करता वरिष्ठ डॉक्टरांना बोलावण्याचा लेखी हुकूम वॉर्डात लावावा. अर्जाची पोच माझ्या दप्तरी आहे. उत्तर आलेले नाही. सबब या आठवड्यात स्मरणपत्र रवाना केले असून त्याची एक प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांकडेही दिली आहे.