अब्बांची हिशेबाची फाइल

कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार घ्या, असा हुकूम सूरह बकराच्या २८२व्या आयतीत आहे. कुरआनातली ही सर्वांत लांब आयत. आमचे मरहूम अब्बा लिहिण्याचा हा नियम कसोशीने पाळत. पूर्वी वहीत, पुढे संगणकावर नोटपॅडमध्ये, मराठीत.

त्यांच्या इंतकालानंतर वाटणीचा विषय निघाला. शरीअतचा क्रम ठरलेला आहे : आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्जफेड, मग एक तृतीयांशापर्यंतची वसियत आणि उरेल ते वारसांचे. म्हणून आम्ही भावंडांनी आधी हिशेबाची फाइल शोधली.

फाइली दोन निघाल्या. एकीत डोक्यावर टिंबे-रेघा असलेल्या परक्या रोमन अक्षरांची गर्दी. दुसरीत नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे. तारखा आणि रकमा मात्र शाबूत, कारण अब्बा आकडे इंग्रजीत लिहीत.

संगणक शिकणाऱ्या भाचीने पहिली गोष्ट सांगितली : काहीही सेव्ह करू नका. दोन्ही फाइलींच्या प्रती पेनड्राइव्हवर घ्या आणि त्या प्रतींवरच काम करा.

मग तिने समजावले. संगणक अक्षरे आकड्यांच्या रूपात साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे ठरवणाऱ्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. यूटीएफ-८ या पद्धतीत मराठी, उर्दू, अरबी सगळे मावते. आन्सी नावाच्या जुन्या पद्धतीत आपल्या संगणकांवर मराठीला जागाच नसते. पहिली फाइल चांगली होती, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचली जात होती. फाइल उघडण्याच्या खिडकीत खाली एन्कोडिंगची चौकट असते. तिथे यूटीएफ-८ निवडताच सगळी नावे डोळ्यांसमोर आली. दुसरी फाइल मात्र आन्सीमध्ये सेव्ह झालेली. तिच्यातली नावे कायमची पुसली गेली होती.

अडचण अशी की शेवटच्या बदलाची तारीख पाहता दुसरी फाइल नवी होती. बाकीच्या ओळी पहिलीशी जुळल्या, पण शेवटी एक ओळ जास्त होती : २८ मे, ६५०० रुपये, आणि आठ प्रश्नचिन्हे.

जनाज्याच्या वेळी भावाने जाहीर केले होते की मरहूमकडे कोणाचे देणे असेल तर आम्हाला सांगावे. या रकमेसाठी कोणी आले नव्हते. भाची म्हणाली, प्रत्येक चिन्हामागे एक प्रश्नचिन्ह पडते. काना, वेलांटी, पायमोडकासुद्धा वेगळा मोजला जातो. 'मिस्त्री' ही डोळ्यांना दोन अक्षरे, पण संगणकाच्या हिशेबी आठ चिन्हे. मे महिन्याच्या अखेरीस पावसाआधी घराची कौले चाळून घेतली होती, ते अम्मीला आठवले.

एवढ्यावर खात्री धरता येत नव्हती. आम्ही मिस्त्रींच्या घरी गेलो आणि रक्कम न सांगता विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साडेसहा हजार होते. पण मैयतीच्या घरात पैसे कसे मागायचे?" अल्लाहचे शुक्र, ते देणे त्याच दिवशी फिटले.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरीही अशा फाइली असतील. २०१९ नंतरच्या विंडोजमध्ये नोटपॅड आपोआप यूटीएफ-८ वापरते. संगणक जुना असेल तर 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये ते स्वतः निवडावे. सेव्ह करताना अक्षरे नष्ट होतील अशी सूचना आली तर ओके न दाबता थांबावे. फाइलीच्या नावात वर्ष, महिना, दिवस घालावा, म्हणजे नवी कोणती हे कळते. आणि महिन्याकाठी एक कागदी प्रत काढून घरातल्या दोघांच्या सह्या घ्याव्यात. त्या आयतीत लिहिण्याबरोबर साक्षीदारही सांगितले आहेत. फाइल वाचता आली नाही, तरी त्या दोघांना देणे कोणाचे हे ठाऊक असेल.