बोट अडलं तिथं

प्रिय आत्या,



मोतीबिंदू पिकला तरी तू ऑपरेशनला तयार होत नाहीस, असं दादानं फोनवर सांगितलं. "आता वाचून काय करायचंय, सगळं पाठच आहे," म्हणालीस म्हणे. हे तू म्हणावंस? पाठांतराला जिनं जन्मात कधी भाव दिला नाही, तिनं?

रविवारच्या शाळेत वचनं घडाघडा म्हणून मी बक्षीस आणायचे आणि तू विचारायचीस, "बरं. मग यातलं केलंस काय?" मला रडू फुटायचं. एक शाबासकी द्यायला तुझं काय जात होतं गं? तो राग अजून पुरता गेलेला नाही, खरं सांगते.

पण तुझा तो प्रश्न मला परतूरच्या एका हिवाळ्यात कळला. विहिरीच्या पाळीवरून धाकट्या जावेच्या घराशी तुमचं वाजलं होतं. बोलणं बंद, येणं-जाणं बंद. मी तुझ्याकडेच होते. पहाटे उठून, कापसाच्या बोंडांनी ओरखडलेलं बोट ओळीखाली सरकवत तू मत्तयाचं शुभवर्तमान वाचायचीस. पाचव्या अध्यायात ते बोट अडलं. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी समेट करायला जा, असं प्रभू सांगतो ना, तिथं. दुसऱ्या दिवशी तेच वचन. तिसऱ्या दिवशीही तेच. पुढं का जात नाहीस, असं विचारलं तर म्हणालीस, "अजून हे झालं नाही."

मग एका संध्याकाळी हुरड्याची परडी घेऊन तू जावेच्या दारात उभी राहिलीस. त्यांनी परडी घेतली, आत ये म्हणाल्या नाहीत. तू परत आलीस, हात धुतलेस आणि भाकरी थापायला बसलीस. त्या रात्री पाळ्यांचा हिशेब पुटपुटत कूस बदलणं मात्र थांबलं. तुला झोप लागली. म्हणून पाण्यावरचा हक्क सोडलास का? मुळीच नाही! अर्धी पाळी आमचीच, हे तू चारचौघांत ठणकावून सांगितलंस. फक्त बोलण्यात विखार उरला नव्हता. जावेच्या घरातून गोड शब्द यायला पुढं बराच काळ गेला. तुझं मन मात्र त्याआधीच मोकळं झालं होतं.

पंडिता रमाबाईंविषयी वाचताना मला तू आठवतेस. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. एवढी संस्कृत पंडिता, तिला शास्त्र समजायला काय जड? तरी १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या मोकळेपणानं सांगतात, की धर्म मिळाला होता, ख्रिस्त सापडायला पुढची आठेक वर्षं लागली. मग दुष्काळातल्या, टाकलेल्या बायामुलींना त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला. त्या बायांना कळेल अशा मराठीत अख्खं शास्त्र आणायचं म्हणून हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत त्याच कामात राहिल्या.

आणि कवी ना. वा. टिळक? १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला. तुझ्याच त्या मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं सोवळंओवळं मनातून उतरून त्यांचा बाप्तिस्मा व्हायला १९०० साल उजाडलं.

कुणाला दोन वर्षं, कुणाला आठ, तुला एक हिवाळा. इथं पुण्यात आमच्या मंडळीत वर्षभरात अख्खं शास्त्र वाचून काढतात. चांगलंच आहे. मीही वाचते. पण रोजचे चार अध्याय उरकताना तुझा आवाज कानात येतो. शास्त्र धीर देतं, हे तर आहेच, आत्या. पण त्याआधी ते आपल्याला अडवतं. नेमकं आपण जे झाकून ठेवलेलं असतं, तिथंच. अडल्यावर पान उलटून पुढं पळायचं की थांबायचं, एवढंच आपल्या हातात असतं. जो थांबतो, त्याचंच मन बदलतं. हे मला कुठल्या उपदेशानं शिकवलं नाही, तू शिकवलंस. शाबासकी न देता शिकवलंस, आणि त्याबद्दल मी तुझी जन्माची ऋणी आहे.

म्हणून सांगते, डोळा करून घे. जालन्याला तारीख घेऊ. मी सुट्टी काढून येते, परतूरहून सकाळच्या गाडीनं दोघी जाऊ. तोवर रोज रात्री जेवणं आटोपली की फोनवर मी वाचीन, तू ऐक. दादा म्हणाला, रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात तुझी खूण कधीची तशीच आहे. तिथं का अडलीस, ते विचारत नाही. तुलाही ठाऊक आहे, मलाही. ते होईपर्यंत रोज तेवढंच वाचू.

तुझी भाची